गोल्डनरॉडचा हिवाळा मे महिन्यात येतो

नागपूरच्या सक्करदऱ्यातल्या बहुतेकांनी गोल्डनरॉड पाहिलेला असतो, पण मातीत वाढताना नाही. लग्नाच्या स्टेजवर, सत्काराच्या गुलदस्त्यात गुलाब-जर्बेराच्या मधल्या जागा भरायला जे बारीक पिवळे तुरे खोचलेले असतात, ते याचे. सीताबर्डीच्या नेताजी फूल मार्केटात त्याची जुडी मिळते. फुलवाल्यांच्या हिशेबात तो ‘फिलर’, म्हणजे भरतीचा माल. पण आठवडाभर पाण्यात टिकलेली ती काडी पाहून एखाद्याला वाटतं, हे आपल्या अंगणात का नको? मग शोधाशोध सुरू होते, आणि जी माहिती हाती लागते ती कॅनडा, इंग्लंड, फार तर सिमल्याकडची असते. शरदात फुलू द्या, हिवाळ्यात वाळू द्या, वसंतात विभागणी करा, असा तो सगळा उपदेश. त्यातला प्रत्येक शब्द तिकडे खरा आहे. नागपुरात तो जसाच्या तसा पाळला तर झाड पहिल्याच उन्हाळ्यात जातं. म्हणून या झाडाच्या निगेचा सगळा प्रश्न एकदा आपल्या हवेत, आपल्या मातीत ठेवून पाहायला हवा.

आधी झाडाची ओळख. गोल्डनरॉड म्हणजे सॉलिडॅगो. शेवंती, झेंडू, सूर्यफूल यांच्याच कुळातला. शंभराहून अधिक जाती, त्यांतल्या बहुतेक उत्तर अमेरिकेच्या. एक जात युरोपपासून आपल्या हिमालयापर्यंत आढळते. अमेरिकेतल्या नेब्रास्का राज्याने १८९५ मध्ये आणि केंटकीने १९२६ मध्ये त्याला राज्यफुलाचा मान दिला, इतका तो तिथल्या माळरानांच्या अंगवळणी पडलेला आहे. बागांमध्ये आणि फुलांच्या व्यापारात असतो तो मुख्यतः कॅनडाचा सॉलिडॅगो आणि त्याच्यापासून निघालेले संकर. सह्याद्रीच्या पठारांवर पावसाळ्याअखेर पिवळे गालिचे घालणारी सोनकी याच कुळातली असली तरी वेगळी. दोघांची गल्लत करू नये.

याचा एक तुरा हातात घेऊन भिंगाखाली पाहण्यासारखा असतो. दांड्याच्या शेंड्याला आडव्या, किंचित खाली झुकलेल्या फांद्या फुटतात आणि त्यांच्या फक्त वरच्या अंगाला फुलं ओळीने बसतात. आपण ज्याला एक फूल म्हणतो तो तीन-चार मिलिमीटरचा ठिपका म्हणजे प्रत्यक्षात फुलांचा आख्खा गुच्छ असतो: कडेला जिभेसारख्या इवल्या पाकळ्या, मधे नळीसारखी फुलं, सूर्यफुलाच्या रचनेची तंतोतंत लहान आवृत्ती. एका तुऱ्यात असे शेकडो गुच्छ. मधमाश्या त्याच्यावर एवढा वेळ का रेंगाळतात, ते एवढ्यावरून कळतं.

आता मुख्य गोष्ट. हे झाड मुळाने जगतं. वरचा दांडा फुलून वाळतो, खालचं मूळखोड मातीत जिवंत राहतं आणि पुढच्या हंगामात कडेकडेने नवे फुटवे काढतं. थंड देशांत ही विश्रांती बर्फाखाली होते. आपल्या थंडीचं या झाडाला काहीच वाटत नाही. २९ डिसेंबर २०१८ ला नागपूरचा पारा ३.५ अंशांवर आला होता. शून्याखाली वीस-तीस अंश सोसणाऱ्या मुळांना ही थंडी किरकोळ. त्याची परीक्षा २३ मे २०१३ सारख्या दिवशी असते, जेव्हा आपल्याकडे ४७.९ अंशांची नोंद झाली. तिकडच्या बागवानाने जानेवारीत जे करायचं, ते आपण मे महिन्यात करायचं. झाडाला झोपू द्यायचं, मूळ वाचवायचं आणि फुलाची अपेक्षा ठेवायची नाही. एवढी एक गोष्ट पटली की उरलेलं वर्ष आपोआप मांडता येतं.

दुसरा फरक दिवसाच्या लांबीचा, आणि तो पुस्तकांत क्वचितच समजावलेला असतो. टोरांटोला जूनमध्ये दिवस सव्वापंधरा तासांहून मोठा असतो. त्या लांब दिवसांत गोल्डनरॉड नुसता उंच होत जातो, माणसाच्या छातीला लागतो आणि दिवस लहान होऊ लागले की फुलतो. नागपूर २१ अंश अक्षांशावर. इथला सर्वांत मोठा दिवस साडेतेरा तासांच्या आतच आटोपतो आणि डिसेंबरात तो अकरा तासांहूनही थोडा लहान होतो. त्यामुळे आपल्याकडे झाडाला उंच व्हायला पुरेसा काळ मिळत नाही. गुडघ्या-मांडीपर्यंत येतं आणि फुलायला लागतं. थंडीत निघालेले फुटवे तर दांडा न काढता पानांचं चक्र करून जमिनीलगत बसून राहतात. पुष्कळांना वाटतं झाडाला रोग लागला, आणि ते खताचा मारा करतात. रोगबीग काही नसतो. फुलांची व्यापारी शेती करणारे रात्री दिवे लावून दिवस लांबवतात, दांडा हवा तेवढा वाढला की दिवे बंद करतात. घरच्या बागेत हे करण्याचं कारण नाही. आपल्याला आखूड, भरगच्च झाड मिळतं आणि कुंडीत तेच शोभतं.

लागवडीला मृगाचा पाऊस हाच मुहूर्त. जुनं बेट असेल तर पहिले दोन-तीन चांगले पाऊस पडून गेल्यावर ते उपटावं, मधला म्हातारा, लाकडासारखा झालेला भाग सरळ फेकावा आणि कडेच्या काश्या, म्हणजे मुळं फुटलेले कोवळे फुटवे, वेगळ्या कराव्यात. शेवंती लावणाऱ्याला हे काम नवीन नाही; हात तोच, नजर तीच. दोन रोपांत एक फूट अंतर पुरे. बारा इंची कुंडीत दोन किंवा तीन काश्या. बाजारातल्या फुललेल्या काडीला मुळं फुटतील या आशेवर तिला मातीत खोचू नये. फुलावर आलेला दांडा सहसा मूळ धरत नाही. कोवळ्या, न फुललेल्या शेंड्याचे तुकडे पावसाळ्याच्या दमट हवेत चांगले लागतात. बियांपासून रोपं होतात, पण ती कशी निघतील याचा भरवसा नाही. आणि बियांना या बागेत थाराच द्यायचा नाही; त्याचं कारण पुढे येईलच.

मातीच्या बाबतीत हे झाड तक्रार करत नाही असं सगळीकडे लिहिलेलं असतं. ते अर्धं खरं आहे. हलक्या, मुरमाड, गरीब मातीत ते खुशाल वाढतं. पण आपली काळी माती वेगळी: उन्हाळ्यात हात जाईल अशा भेगा आणि श्रावणात आठ-आठ दिवस न निचरणारा चिखल. नागपुरात वर्षाला सरासरी हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक चार महिन्यांत कोसळतो. या चिखलात गोल्डनरॉडची मुळं कुजतात. खालची पानं पिवळी पडून दांडा मुळापाशी काळा झाला की समजावं उशीर झाला. उपाय साधा आहे: वाफा जमिनीपासून सहा-आठ इंच उंच करा, काळ्या मातीत मुरूम आणि जाडी रेती मिसळा. कुंडीत माती, रेती आणि चांगलं कुजलेलं शेणखत सारख्या भागाने घ्या, तळाच्या भोकावर खापर ठेवा. खत लागवडीच्या वेळी एकदा, आणि फूल ओसरल्यावर छाटणीच्या वेळी एकदा. यापेक्षा जास्त नको. युरिया तर नकोच. नत्र जास्त झालं की दांडा लुसलुशीत वाढतो आणि पहिल्या झोडपणाऱ्या सरीत आडवा होतो.

लागवडीनंतर महिनाभराने, झाड वीतभर झालं की शेंडा खुडावा. एका दांड्याऐवजी चार-पाच मिळतात, तुरे थोडे लहान होतात. फुलदाणीसाठी लांब काडी हवी असेल तर खुडू नये, बागेसाठी खुडावा. पोळ्यानंतर मात्र शेंड्याला हात लावायचा नाही, कारण तोवर कळीची तयारी सुरू झालेली असते. याच सुमारास बांबूच्या कमच्या रोवून सुतळीचा सैल आधार द्यावा.

महालक्ष्म्यांपर्यंत फूल येईल असं धरून चालू नये. जूनअखेरीस लावलेलं झाड साधारण दसऱ्याच्या आगेमागे रंग दाखवतं आणि दिवाळीपर्यंत भरात असतं. हे दिवस चुकवू नयेत. पाऊस गेलेला, ऊन स्वच्छ, आणि तुऱ्यांवर सकाळी दहाच्या सुमारास फुलोरी माश्या, सातेरी, बारीक गांधीलमाश्या, फुलपाखरं, ढालकिडे यांची नुसती झुंबड. अमेरिकेत हिवाळ्याआधीचा मधमाश्यांचा शेवटचा मोठा चारा म्हणून या झाडाची किंमत केली जाते. आपल्याकडे झेंडू असतोच, पण अंगणातल्या टपोऱ्या, दुहेरी पाकळ्यांच्या झेंडूत माशीच्या पदरी फारसं काही पडत नाही. गोल्डनरॉडमध्ये पडतं. माझ्या मते हे झाड लावण्याचं सर्वांत मोठं कारण हेच आहे, सजावट त्यानंतर. म्हणून फुलण्याच्या या दिवसांत कसलंही कीटकनाशक मारू नका. मावा आलाच तर पाण्याचा जोरदार फवारा आणि सकाळी निंबोळी अर्काऐवजी साबणाचं सौम्य पाणी, तेही फक्त कळी नसलेल्या दांड्यांवर.

काडी कापायची असेल तर तुऱ्यातली अर्धीअधिक फुलं उमलल्यावरच कापावी. गुलाबासारखी ही कळी पाण्यात उमलत नाही. हिरवी कापली तर हिरवीच राहते. सकाळी कापावी, खालची पानं काढावीत, पाणी एक दिवसाआड बदलावं.

डिसेंबर-जानेवारी हे तसे निवांत महिने. फुललेले दांडे वाळायच्या आत जमिनीपासून दोन बोटं ठेवून कापून टाकावेत. पानांवर भुरी दिसली, पांढरी पिठूळ बुरशी, तर ती पानं काढून जाळावीत आणि पाणी पानांवर न देता मुळाशी द्यावं. कडेने जे चपटे फुटवे निघतील ते तसेच राहू द्यावेत. पाणी आठवड्यातून दोनदा पुरतं. फेब्रुवारीत दिवस उबदार झाले की हेच फुटवे उठतात आणि मार्चमध्ये कधीकधी दुसरा, अशक्तसा बहर देतात. काही जण त्याला खत-पाणी वाढवून फुलवतात. मला ते पटत नाही. होळीनंतर झाडाची ताकद मुळात राहायला हवी, तुऱ्यात नव्हे. कळ्या दिसल्या तर खुडाव्यात.

आणि मग उन्हाळा. सक्करदरा, हनुमाननगर, नंदनवन या भागांत आता बैठी घरं कमी आणि स्लॅबवरच्या बागा जास्त. एप्रिलच्या दुपारी स्लॅबवर अनवाणी पाय ठेवता येत नाही. त्याच स्लॅबला टेकलेल्या प्लॅस्टिकच्या काळ्या कुंडीत मूळ अक्षरशः शिजतं. झाड वरून ऊन लागून मरत नाही, खालून तापून मरतं. म्हणून गुढीपाडवा झाला की कुंड्या खाली आणाव्यात, किंवा निदान पश्चिमेच्या भिंतीपासून हलवून पूर्वेच्या बाजूला, विटांवर, एकमेकींना चिकटून ठेवाव्यात. बाहेरच्या ओळीत कोरफड, शेर अशी चिवट झाडं, आत गोल्डनरॉड. वर पन्नास टक्के सावलीची हिरवी जाळी, तीही नुसती डोक्यावर नाही तर पश्चिमेकडून पडद्यासारखी, कारण आपल्याकडे मारणारं ऊन दुपारी दोन ते पाचचं. दांडे चार बोटांवर कापावेत, मातीवर वाळलेल्या पानांचा किंवा भाताच्या तणसाचा दोन-तीन इंच थर द्यावा.

पाणी सूर्य उगवायच्या आत द्यावं आणि ते भरपूर नव्हे, नियमित द्यावं. झोपलेल्या झाडाला चिखल मानवत नाही. माती बोटभर खोल ओलसर एवढंच. इथे नागपूरकरांच्या एका सवयीबद्दल लिहायलाच हवं. कुलरच्या टाकीतलं पाणी बदलताना ते वाया जाऊ नये म्हणून कुंड्यांना घालतात. हेतू चांगला, परिणाम वाईट. कुलरमध्ये पाणी उडून जातं आणि क्षार मागे राहतात. वरून भर घालत गेलं की टाकीतलं पाणी दिवसेंदिवस जड होतं. टाकीच्या कडेला जो पांढरा थर बसतो तोच कुंडीच्या मातीत बसतो. बोअरचं पाणी असेल तर आणखीच. पानांच्या कडा करपतात आणि आपण म्हणतो ऊन लागलं. रोज बदललेलं कुलरचं पाणी चालेल. आठवड्याचं साचलेलं नको. पावसाळ्यात एखाद्या मोठ्या पावसात कुंड्या उघड्या ठेवल्या की साठलेले क्षार धुऊन जातात.

नवतप्यात, म्हणजे उन्हाळ्याच्या सर्वांत तापलेल्या दिवसांत, झाड वरून पूर्ण वाळलेलं दिसलं तरी फेकू नये. नखाने मुळाजवळची साल खरवडून पाहावी. आत पांढरट-हिरवं असेल तर ते जिवंत आहे. या दिवसांतला खरा शत्रू लाल कोळी: पानाखाली बारीक जाळं आणि वर फिकट ठिपके. दांडे कापून टाकलेले असतील तर त्याला राहायला जागाच उरत नाही, हाही छाटणीचा फायदा.

आता दोन आक्षेप. पहिला, या फुलाने सर्दी-दमा होतो. अमेरिकेत ही समजूत जुनी आहे आणि ती चुकीची आहे. गोल्डनरॉडचा पराग जड आणि चिकट असतो, तो माशीच्या अंगाला लागून जातो, वाऱ्यावर जवळजवळ उडत नाही. त्याच दिवसांत तिकडे रॅगवीड नावाचं तण फुलतं. त्याचं फूल डोळ्यांत भरत नाही, पण पराग मैलोगणती उडतो. दिसतो पिवळा तुरा, त्रास देतो शेजारचा. आपल्याकडे रॅगवीडचा जवळचा नातलग गाजर गवत. १९५०च्या दशकाच्या मध्यात त्याची पुण्यात नोंद झाली आणि आज रिकामा प्लॉट म्हटला की ते असतंच. त्याच्या संपर्काने अंगाला खाज, पुरळ उठते, श्वासाचाही त्रास होतो. शिंका येतात म्हणून कुंडी उचलण्याआधी शेजारचा मोकळा प्लॉट पाहावा. ज्यांना शेवंतीच्या कुळातल्या झाडांच्या स्पर्शाची ॲलर्जी आहे त्यांनी मात्र छाटणी करताना हातमोजे घालावेत.

दुसरा आक्षेप गंभीर आहे, आणि तो मी बाजूला सारणार नाही. हे झाड पसरतं. कॅनडाचा सॉलिडॅगो सतराव्या शतकात शोभेचं झाड म्हणून इंग्लंडात गेला, १९३५ मध्ये चीनमध्ये शांघायला आणला गेला, आणि आज युरोपात, चीनमध्ये, जपानमध्ये तो रेल्वेच्या कडा, पडीक शेतं, नदीकाठ व्यापून बसलेला आहे. मूळखोडं जमिनीखालून सरकतात, एकेका दांड्यावर हजारोंनी बिया धरतात, त्या केसाळ असल्याने वाऱ्यावर जातात, आणि मुळांतून पाझरणारी द्रव्यं आसपासच्या झाडांची उगवण दाबतात. नागपूरच्या कोरड्या उन्हाळ्यात त्याला तेवढं मोकळं रान मिळेल असं वाटत नाही. पण ‘वाटत नाही’ एवढ्यावर विसंबण्याची किंमत विदर्भाने मोजलेली आहे. रायमुनियाही, म्हणजे घाणेरी, या देशात बागेची शोभा म्हणूनच आली होती. आज आपल्या जंगलांत चारा उगवायची जागा तिने खाल्ली आहे.

त्यामुळे माझं मत स्पष्ट आहे. गोल्डनरॉड घरात जरूर लावा, पण कुंडीत किंवा विटा-सिमेंटची कड असलेल्या वाफ्यात. सक्करदरा तलावाच्या काठी, नाग नदीच्या ओलसर उतारावर, वस्तीतल्या सार्वजनिक बागेच्या मोकळ्या मातीत लावू नका, कोणी कितीही उत्साहाने रोपं वाटली तरी. उन्हाळ्यात त्याला अडवतो तो कोरडेपणा, आणि ओलाव्याच्या जागी तो अडसरही राहत नाही. तुरा तपकिरी होऊन त्यावर पांढरा कापूस दिसायच्या आत कापणं ही या झाडाच्या मालकाची सक्तीची जबाबदारी. सुंदर दिसतो म्हणून वाळका तुरा थंडीभर ठेवा, असा सल्ला तिकडची मासिकं देतात. पाखरांना बिया मिळतात हे त्यांचं कारण तिकडे योग्य आहे. इथल्या पाखरांसाठी बाजरीचं एक कणीस टांगा.

कापलेल्या तुऱ्यांचं काय करायचं? नोव्हेंबरची आपली कोरडी हवा वाळवणाला उत्तम. पाच-सहा काड्यांची जुडी सावलीत उलटी टांगली तर पंधरवड्यात वाळते आणि रंग बराच टिकतो. ताजे तुरे पाण्यात उकळून, तुरटी दिलेल्या सुती किंवा रेशमी कापडाला त्या पाण्यात ठेवलं तर चांगला पिवळा रंग चढतो. शोधक थॉमस एडिसनने आयुष्याची शेवटची काही वर्षं गोल्डनरॉडच्याच पानांतून रबर काढण्याच्या प्रयोगांत घालवली होती; रबर निघालं, व्यवहारात उतरलं नाही. युरोपात गोल्डनरॉड मूत्रविकारांवर औषध म्हणून वापरतात. तरी आपल्या कुंडीतल्या पानांचा काढा कोणी करू नये.

शेवंती आणि झेंडू सोडून हे झाड लावावं का, असंही विचारलं जातं. सोडून नव्हे. देवाला, तोरणाला, हाराला त्या दोघांची जागा कोणी घेऊ शकत नाही, आणि गोल्डनरॉडची फुलं हारात ओवताही येत नाहीत. चार कुंड्या शेवंतीच्या असतील तर त्यांच्या मागे दोन याच्या, एवढं प्रमाण मला योग्य वाटतं. मेहनत शेवंतीपेक्षा कमी लागते. फक्त उन्हाळ्यात लक्ष जास्त हवं.

दर दोन वर्षांनी, मृगात, बेट उपटून नव्याने लावायचं म्हटलं की काश्या उरतातच. ओळखीच्यांना द्याव्यात, देताना कुंडीतच लावा आणि बी धरू देऊ नका हे सांगून द्याव्यात. ज्या कोणी घेणार नाही त्या नाल्यात किंवा कचऱ्याच्या ढिगावर टाकू नयेत; ओल्या ढिगात एवढासा तुकडाही फुटतो. पावसाची उघडीप पाहून त्या स्लॅबवर पसराव्यात, हातात घेतल्यावर कडकन मोडतील इतक्या वाळू द्याव्यात, आणि मगच खताच्या खड्ड्यात घालाव्यात.